धातूवर चढणारा थर : प्रस्तावना

रेनी निकेल कोरडं पडू द्यायचं नसतं. जीडीमेटला, बोल्लारम, पटानचेरू, पाशमैलारम अशा हैदराबादभोवतीच्या औद्योगिक वसाहतींत औषधांच्या कारखान्यात नव्याने लागलेल्या केमिस्टला पहिल्याच आठवड्यात जे बजावलं जातं, त्यात हे वाक्य असतंच. निकेल आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू दळून गरम कॉस्टिक सोड्यात टाकला की ॲल्युमिनियम विरघळतं, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि मागे काळसर करड्या रंगाची, भोकाभोकांची निकेलची भुकटी उरते. ती पाण्याखालीच साठवतात. हायड्रोजनेशन आटोपल्यावर फिल्टरवर जो चोथा राहतो तोही ओलाच ठेवतात. फिल्टरच्या कडेला चिकटलेलं चिमूटभर निकेल मे महिन्याच्या हवेत सुकलं की कागदाला आधी तपकिरी डाग पडतो, मग त्या डागाची कड लाल होते, आणि जवळपास मेथेनॉलची वाफ असेल तर पुढचं सांगायला नको. पॅलेडियम-कार्बनचा चोथाही असाच जपावा लागतो. मात्र तिथे पेट घेतो तो बहुधा द्रावक, धातू नव्हे.

आता गंमत अशी, की एकेकाळी आपल्याकडे निकेलचा रुपया चालत असे. १९५० सालचा रुपया निकेलचाच होता. तो वर्षानुवर्षं खिशात, गल्ल्यात, हुंडीत राहिला आणि कधी पेटला नाही. धातू तोच, हवा तीच, आणि दोघांवरही चढतो तो निकेल ऑक्साइडचाच थर. नाण्यावर हा थर काही नॅनोमीटर जाड झाला की वाढ जवळजवळ थांबते, आणि तो तयार होताना निघालेली उष्णता नाण्याच्या अंगात जिरून जाते. रेनी निकेलच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग मात्र ऐंशी ते शंभर चौरस मीटर भरतो, म्हणजे मोठ्या सदनिकेच्या क्षेत्रफळाएवढा. एवढ्या पृष्ठभागावर तेवढाच पातळ थर एकाच वेळी चढू लागला, तर निघणारी उष्णता जिरायला जागाच नसते.

हे पुस्तक त्या थराबद्दल आहे. तो कसा सुरू होतो, कुठे थांबतो, आणि उत्प्रेरकाच्या कामात तो आड येतो की तेच काम तो करतो, एवढाच त्याचा विषय.

शाळेत आपण व्याख्या पाठ केलेली असते : उत्प्रेरक म्हणजे अभिक्रियेचा वेग बदलणारा, पण स्वतः न बदलणारा पदार्थ. जमाखर्चापुरती ही व्याख्या बरोबर आहे. आधी जितकं प्लॅटिनम होतं तितकंच शेवटी मोजून मिळतं. पण मधल्या काळात त्याच्या वरच्या एक-दोन थरांचं काय होतं, याबद्दल व्याख्या गप्प बसते, आणि सगळं काम तर त्या वरच्या एक-दोन थरांतच चालतं. माझं म्हणणं असं, की ड्रमवर लिहिलेलं धातूचं नाव हे फार तर त्याचं माहेरचं नाव. भट्टीत, नळीत, गाडीच्या सायलेन्सरजवळ जो पृष्ठभाग प्रत्यक्ष राबतो तो धातू आहे, ऑक्साइड आहे की त्या दोहोंमधलं काही, हे त्या क्षणी आजूबाजूला असलेला वायू आणि तापमान ठरवतं. पुस्तकभर हीच गोष्ट निरनिराळ्या धातूंच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा येईल.

मायकेल फॅरेडेच्या हे अर्धंमुर्धं ध्यानात आलं होतं. १८३४ सालच्या निबंधात त्याने दाखवलं, की प्लॅटिनमची पट्टी पुरेशी स्वच्छ असेल तर साध्या तापमानालाही हायड्रोजन आणि ऑक्सिजन तिच्यावर एकत्र येतात. पट्टी स्वच्छ करण्याच्या त्याच्या तऱ्हा वाचण्यासारख्या आहेत : अल्कलीत तापवणं, गरम सल्फ्युरिक आम्लात बुडवणं, विद्युतघटात धन टोकाला जोडणं. अशी पट्टी हवेत पडून राहिली की तिची ताकद ओसरते, हेही त्याने नोंदवलं. दोनच वर्षांनी श्योनबाइन या रसायनशास्त्रज्ञाशी त्याचा पत्रव्यवहार झाला तो लोखंडावरून. तीव्र नायट्रिक आम्लात बुडवलेलं लोखंड अचानक ‘शांत’ होतं, मग सौम्य आम्लालाही ते दाद देत नाही. डोळ्यांना लोखंड तसंच चकचकीत दिसतं. फॅरेडेचा तर्क होता, की त्यावर ऑक्साइडचा न दिसणारा पापुद्रा असला पाहिजे. हा पापुद्रा प्रत्यक्ष मोजायची साधनं हाती यायला पुढे बराच काळ गेला, पण तर्क खरा ठरला.

पापुद्रा बनतो कसा, ते जरा सावकाश पाहू. धातूच्या एक चौरस सेंटीमीटर पृष्ठभागावर साधारण दहाचा पंधरावा घात इतके अणू असतात. ऑक्सिजनचा रेणू त्यावर आदळतो, चिकटतो, आणि निकेल, पॅलेडियम, प्लॅटिनम यांसारख्या धातूंवर त्याचे दोन अणू सुटे होतात. हे सुटे अणू धातूच्या तीन-चार अणूंच्या मधल्या खोलगट जागेत जाऊन बसतात. प्लॅटिनमच्या सर्वांत दाट रचनेच्या पृष्ठभागावर, विरळ ऑक्सिजनमध्ये, धातूच्या दर चार अणूंमागे ऑक्सिजनचा एक अणू बसला की भरती थांबते. मोकळ्या जागा दिसत असतात, पण शेजारी एकमेकांना ढकलू लागलेले असतात. याला अजून ऑक्साइड म्हणता येत नाही. धातू खाली आहे, ऑक्सिजन वर आहे, आणि दोघांमधली सीमा शाबूत आहे.

दाब किंवा तापमान वाढलं की ही सीमा मोडते. ऑक्सिजनचा अणू धातूच्या पहिल्या थराखाली शिरतो, धातूचा अणू वर उचलला जातो, आणि जागांची ही अदलाबदल आधी कडांवर, पायऱ्यांवर, जिथे अणूंना शेजारी कमी तिथे सुरू होते. पॅलेडियमवर तर पुरतं ऑक्साइड होण्याआधी एक अधलामधला थर तयार होतो. त्याची जाडी एका थराची, आणि त्यात पॅलेडियमच्या पाच अणूंमागे ऑक्सिजनचे चार. नेहमीच्या पॅलेडियम ऑक्साइडच्या स्फटिकात असलं काही सापडत नाही. या थराची रचना २००२ मध्ये उलगडली, आणि ‘धातू की ऑक्साइड’ हा प्रश्न होय-नाहीत सुटणारा नाही हे तेव्हा अनेकांना पटलं.

पहिला अखंड थर बसला की त्याच्या पुढची वाढ कशी होते? ऑक्सिजन वर, धातू खाली, मध्ये भिंत. १९४८-४९ च्या सुमारास काब्रेरा आणि मॉट यांनी याचं जे उत्तर दिलं ते मला या विषयातलं सर्वांत देखणं उत्तर वाटतं. थर इतका पातळ असतो की धातूतले इलेक्ट्रॉन त्यातून आरपार जाऊन वरच्या ऑक्सिजनला मिळतात. वरची बाजू ऋण, खालची धन. एक-दोन नॅनोमीटरच्या जाडीवर सुमारे एक व्होल्टचा फरक उभा राहतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मीटरच्या हिशेबात हे क्षेत्र शंभर कोटी व्होल्टच्या घरात जातं. एवढ्या ओढीने धातूचे आयन भिंतीतून खेचले जातात आणि थर वाढतो. जाडी वाढली की तोच एक व्होल्ट जास्त अंतरावर पसरतो, ओढ मंदावते, आणि साध्या तापमानाला वाढ जवळपास ठप्प होते. ॲल्युमिनियमच्या पातेल्यावरचा थर दोन ते चार नॅनोमीटरवर थबकतो तो यामुळेच. तापमान वाढवलं की मात्र अणू आपल्याच उष्णतेने वाट काढतात. तिथे वाग्नरचा १९३३ चा सिद्धांत लागू होतो : जाडी दुप्पट व्हायला वेळ चौपट. त्याआधी, १९२३ मध्ये, पिलिंग आणि बेडवर्थ यांनी आणखी एक साधा प्रश्न विचारला होता. तयार झालेल्या ऑक्साइडला मूळ धातूपेक्षा जागा जास्त लागते की कमी? कमी लागली तर थराला भेगा पडतात, मॅग्नेशियमवर पडतात तशा. फारच जास्त लागली तर तो फुगून सुटतो. धातूचं रक्षण करतो तो या दोहोंच्या मधला थर.

हे सगळं शिकायला वैज्ञानिकांनी आधी हवाच काढून टाकली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पृष्ठभागाचं विज्ञान वाढलं ते अतिनिर्वात पात्रांत, म्हणजे हवेच्या दाबापेक्षा बारा-तेरा शून्यांनी कमी दाबाला. त्याला कारण होतं. एक टॉरच्या दहा लाखाव्या भागाएवढ्या दाबालासुद्धा स्वच्छ पृष्ठभागावर वायूचा एक थर साठायला सेकंदभर पुरतो. खुल्या हवेत तेवढ्याच कामाला काही नॅनोसेकंद. अतिनिर्वात नसेल तर स्वच्छ धातू पाहायलाच मिळत नाही. पण कारखाने अतिनिर्वातात चालत नाहीत. या दोहोंमधल्या अंतराने रुथेनियमच्या बाबतीत चांगलाच चकवा दिला.

कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजन जोडून कार्बन डायऑक्साइड करायचा, ही या विद्येतली बाराखडी. अतिनिर्वातात पाहिलं तर या कामात प्लॅटिनमच्या कुळातल्या धातूंमध्ये रुथेनियम सर्वांत मठ्ठ. दाब वाढवून, ऑक्सिजन भरपूर ठेवून पाहिलं तर तेच सर्वांत चपळ. १९८६ मध्ये पेडन आणि गुडमन यांनी उच्च दाबाची मोजमापं छापली तेव्हा समजूत अशी होती, की धातूवर ऑक्सिजनचा दाट थर बसतो आणि काम त्यावर चालतं. २००० साली हर्बर्ट ओव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळंच चित्र मांडलं. ऑक्सिजनच्या माऱ्याखाली रुथेनियमवर रुथेनियम डायऑक्साइडचे तुकडे उगवतात. या ऑक्साइडच्या वरच्या थरात काही रुथेनियम अणूंच्या बाजूला एक जागा रिकामी असते. कार्बन मोनॉक्साइड तिथे बसतो, शेजारच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन उचलतो आणि निघून जातो; रिकामी झालेली जागा वायूतला ऑक्सिजन भरून काढतो. क्रिया उसनवारीवर चालते, आणि उसनं फेडणारा दुसराच असतो. व्हॅनेडियम ऑक्साइडवर अशी उसनवारी चालते हे मार्स आणि व्हान क्रेव्हेलेन यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं. धातू म्हणवणाऱ्या उत्प्रेरकावर ती सापडली, ही बातमी होती.

आणि त्यावर भांडण झालं. गुडमन यांच्या गटाने पुढे प्रतिवाद केला, की सर्वांत जास्त वेग असतो तो ऑक्सिजनने झाकलेल्या धातूवर. ऑक्साइड हा पुढचा, मंदावलेला टप्पा. दोन्ही बाजूंनी निबंध आणि प्रतिनिबंध छापले. असल्या वादात ‘दोघांचंही थोडं थोडं खरं’ असं म्हणणं सोपं असतं, पण ते पुरेसं नाही. दोन्ही बाजूंची मोजमापं नीट शेजारी शेजारी ठेवली की दिसतं, तापमान आणि वायूंचं प्रमाण जरा सरकलं की राबणारा पृष्ठभागच बदलतो. भांडण पृष्ठभागाबद्दल कमी आणि परिस्थितीबद्दल जास्त होतं, असं माझं मत आहे. चौथ्या प्रकरणात मी ते सविस्तर मांडलं आहे. तज्ज्ञांनी खुशाल असहमत व्हावं.

प्लॅटिनमची कथा आणखी चंचल. ठरावीक प्रमाणात वायू सोडत राहिलं तरी वेग कधी वर कधी खाली, लयीत हेलकावतो. १९८२ मध्ये सेल्स, टर्नर आणि मेपल यांनी सुचवलं, की पृष्ठभाग हळूहळू ऑक्साइड होतो, मंदावतो, कार्बन मोनॉक्साइड तो पुन्हा धातूवर आणतो, आणि चक्र नव्याने सुरू होतं. गेरहार्ड एर्टल यांच्या गटाला अतिशय कमी दाबालाही हेलकावे दिसले, पण तिथे कारण ऑक्साइड नव्हतं; प्लॅटिनमचे वरचे अणूच आपली मांडणी बदलत होते. एर्टल यांना २००७ चं नोबेल मिळालं, आणि घोषणा झाली तो १० ऑक्टोबर त्यांचा एकाहत्तरावा वाढदिवस होता. २००२ मध्ये लायडनच्या हेन्ड्रिक्सन आणि फ्रेन्केन यांनी वातावरणाच्या दाबाला, क्रिया चालू असतानाच प्लॅटिनमचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाने टिपला, आणि ऑक्सिजन वाढताच तो ऑक्साइडकडे वळून खडबडीत होतो व वेग वाढतो, असा निष्कर्ष काढला. एकच धातू, एकच अभिक्रिया, आणि तीन ठिकाणी तीन खुलासे.

मराठी वाचकाला हे दूरचं वाटू नये. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात अमोनिया बनतो तो लोखंडाच्या उत्प्रेरकावर, पण पात्रात भरताना तो लोखंड नसतो. तो मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड असतो, थोड्या ॲल्युमिना, पोटॅश आणि चुन्यासह. हायड्रोजन सोडून, तापमान सावकाश चढवत, काही दिवस घेऊन त्याचं लोखंड करतात. ऑपरेटर याला नुसतं ‘रिडक्शन’ म्हणतात. यात सर्वांत जास्त लक्ष द्यावं लागतं ते बाहेर पडणाऱ्या पाण्यावर. ऑक्साइडमधला ऑक्सिजन पाण्याच्या वाफेच्या रूपाने निघतो, आणि वरच्या थरातली ही वाफ खालच्या नुकत्याच तयार झालेल्या लोखंडाला पुन्हा ऑक्साइड करू शकते. असं उलटसुलट झालं की लोखंडाचे बारीक कण एकमेकांना चिकटून जाड होतात, आणि पुढची कितीतरी वर्षं अमोनिया कमी मिळतो. म्हणून वायूतल्या पाण्याचं प्रमाण ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की तापमान चढवणं थांबवायचं, कितीही घाई असली तरी. उत्पादनाच्या काळातही ऑक्सिजन असलेली संयुगं, म्हणजे पाणी, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, अगदी लाखात एखाद्या भागापर्यंत उतरवावी लागतात. आणि आयुष्य संपलं की पात्र थेट उघडता येत नाही. नायट्रोजनमध्ये अगदी थोडी हवा मिसळून, तापमापकांवर डोळा ठेवून, कणांवर मुद्दाम ऑक्साइडचा पापुद्रा चढवतात. नाहीतर उघड्या हवेत ते तापून लाल होतील. तेलंगणात रामगुंडमच्या नव्या कारखान्यात २०२१ पासून नैसर्गिक वायूवर अमोनिया-युरिया होतो. तिथेही या नियमांतून सुटका नाही.

हैदराबादेत तर ऑक्साइडला कामाला लावणारी माणसं चहूकडे आहेत. तारनाक्यावरची भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था १९४४ मध्ये निजाम संस्थानची प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली, १९५६ मध्ये केंद्राकडे आली आणि १९८९ मध्ये तिला सध्याचं नाव मिळालं. बेंजारम महिपाल रेड्डी यांनी तिथे सिरियमच्या ऑक्साइडवर दीर्घकाळ काम केलं. हे ऑक्साइड, म्हणजे सिरिया, ऑक्सिजन साठवते आणि सोडते. गाडीच्या धुरात ऑक्सिजन कमी पडला की शेजारच्या धातूच्या कणांना ती तो पुरवते, जास्त झाला की पोटात घेते. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बंधनकारक झालं, हे वाचकांना आठवत असेल. त्या डब्यातलं महागडं प्लॅटिनम आणि पॅलेडियम सगळ्यांना माहीत असतं, चोरांनाही. सिरियाला कोणी विचारत नाही.

मौला अलीच्या बाजूला अणुइंधन संकुल आहे, १९७१ पासून. तिथल्या झिर्कोनियम मिश्रधातूच्या नळ्या बघितल्या तर काळ्या, तुकतुकीत दिसतात. हा रंग नव्हे. ऑटोक्लेव्हमध्ये सुमारे ४०० अंशांच्या वाफेत मुद्दाम चढवलेलं ते ऑक्साइड आहे, मायक्रोमीटरच्या मापाचं, आणि अणुभट्टीच्या गरम पाण्यात तेच नळीला सांभाळतं. हीच अभिक्रिया हजार-बाराशे अंशांच्या पुढे गेली की पिसाळते. थर रक्षण करण्याऐवजी वाढतच जातो, पाण्यातून हायड्रोजन सुटतो. मार्च २०११ मध्ये फुकुशिमात जे स्फोट झाले ते या हायड्रोजनचे.

बिदरी कामाचा उल्लेख केल्याशिवाय हैदराबादचा माणूस हा विषय संपवूच शकत नाही, तेव्हा थोडक्यात. बिदरी म्हणजे मुख्यतः जस्त, त्यात थोडं तांबं. ओतलेल्या वस्तूला आधी मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरतं काळं करतात, कोरलेली रेघ नीट दिसावी म्हणून. मग चांदीची तार ठोकून बसवतात, घासून चकाकी आणतात, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचं मिश्रण लावून गरम करतात. जस्त-तांब्याचा भाग गडद काळा होतो, चांदी जशीच्या तशी राहते. शुद्ध जस्तावर हा काळा येत नाही, त्याला ते थोडं तांबं लागतंच. एकाच वस्तूवर, एकाच मातीखाली, एका धातूवर थर चढतो आणि दुसऱ्यावर नाही : धातूगणिक ऑक्साइडची ओढ किती वेगळी असते, हे वर्गात शिकवायला यापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही. सालारजंग संग्रहालयात ते फुकट नाही, पण स्वस्तात पाहता येतं.

पुस्तक मराठीत का, असं मला विचारलं गेलं आहे, आणि तेही हैदराबादेत बसून. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं तेव्हा त्याच्या आदल्याच वर्षी भाषांतरासाठी दारुल तर्जुमा उभं राहिलं होतं, आणि पुढची तीन दशकं या शहरात रसायनशास्त्र उर्दूतून शिकवलं गेलं. देशी भाषेत अणूंबद्दल लिहिणं इथे नवलाईचं नाही. शिवाय या क्षेत्रात मराठी मुलखातही मोलाचं काम चालू आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सी. एस. गोपीनाथ यांच्या गटाने वायूच्या सान्निध्यात, मिलिबारच्या आसपासच्या दाबाला, पृष्ठभागाचा इलेक्ट्रॉन वर्णपट घेण्याची सोय उभी केली आहे. हवेच्या दाबाच्या मानाने मिलिबार काहीच नाही, पण अतिनिर्वाताच्या तुलनेत ती मोठी झेप आहे. पॅलेडियमच्या पोटात शिरलेला ऑक्सिजन वरच्या धातूचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि त्यामुळे त्याचं वागणं बदलतं, हे त्यांच्या कामातून पुढे आलेलं चित्र सहाव्या प्रकरणात येतं.

परिभाषेबद्दल एवढंच, की जिथे कारखान्यात ‘रिडक्शन’ म्हणतात तिथे मी रिडक्शन म्हटलं आहे, आणि जिथे वर्गात ‘क्षपण’ म्हणतात तिथे क्षपण. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांची माफी मागण्याचा माझा विचार नाही.

शेवटी वाचायचं कसं, त्याबद्दल. तिसऱ्या प्रकरणात काब्रेरा-मॉट आणि वाग्नर यांचं गणित आहे. कलनाची सवय मोडली असेल त्यांनी ते सोडून पुढे जावं, मागाहून कुठे अडणार नाही. कारखान्यात काम करणाऱ्यांनी अमोनिया आणि हायड्रोजनेशनची प्रकरणं आधी वाचली तरी चालेल. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी मात्र रुथेनियमवरचं चौथं प्रकरण टाळू नये, आणि ते वाचताना प्रत्येक मोजमापाशेजारी दाब आणि तापमान स्वतःच्या हाताने मांडून ठेवावं.